सॉइल हेल्थ, साऊद दु सोलु आणि तिसरा रकाना

गेले काही महिने मी मातीविषयीच्या एका पारिभाषिक कोशाचे काम करते आहे. तक्त्याला तीन रकाने आहेत. पहिल्यात इंग्रजी संज्ञा आहे, दुसऱ्यात तिचा पोर्तुगीज प्रतिशब्द आहे आणि तिसरा मराठीसाठी रिकामा ठेवलेला आहे. बहुतेक ओळी भराभर भरल्या जातात, कारण गांडूळ तिन्ही भाषांत गांडूळच असते आणि धूप म्हटले की धूपच होते. एका ओळीपाशी मात्र मी आठवडाभर अडकून पडले. पहिल्या रकान्यात 'सॉइल हेल्थ' होते, दुसऱ्यात 'साऊद दु सोलु', आणि तिसऱ्यात जो शब्द कोणीही डोळे मिटून लिहिला असता तो लिहायला माझा हात धजेना. का धजेना, हे नीट मांडता यावे म्हणून हे लिहिते आहे.

आधी उच्चाराचे सांगते. पोर्तुगालमध्ये हा शब्द साधारण 'साऊद' असा ऐकू येतो, तर ब्राझीलमध्ये त्याच अक्षरांचा 'साऊजी' होतो. येथे मी सर्वत्र 'साऊद' लिहिणार आहे आणि इतर पोर्तुगीज शब्दही त्यांच्या लेखनाला धरून देणार आहे. ब्राझिलियन वाचक क्वचितच येथे फिरकेल, पण फिरकल्यास त्याने क्षमा करावी.

इंग्रजी 'हेल्थ' हा शब्द जुन्या इंग्रजीतल्या 'हाल' या शब्दावरून आला आहे, आणि त्याचा अर्थ सबंध, अखंड, न तुटलेला असा होता. 'होल', 'हील' आणि 'होली' ही त्याचीच भावंडे आहेत. म्हणजे इंग्रजी माणूस ज्याला हेल्थ म्हणतो त्याच्या बुडाशी रोगाचा उल्लेखच नाही. एखादी गोष्ट आपल्या सर्व भागांनिशी एकत्र आहे, एवढेच तेथे अभिप्रेत आहे. 'सॉइल' नॉर्मन लोकांच्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला. त्याच्यामागे लॅटिनमधला आसन या अर्थाचा 'सोलियम' आहे, आणि तळ किंवा भूमी या अर्थाचा 'सोलुम' त्यात मिसळून गेला आहे. गंमत अशी की इंग्रजीत 'मळवणे' या अर्थाचे 'सॉइल' हे क्रियापदही आहे, पण त्याचे कूळ निराळे आहे. डुकराने चिखलात लोळावे तसे बरबटणे, अशा अर्थाच्या फ्रेंच शब्दावरून ते आले. दोन वेगळ्या घराण्यांतले शब्द योगायोगाने एकाच रूपाचे झाले, आणि इंग्रजीत माती व मळ यांची सांगड बसली. त्यात 'डर्ट' या शब्दाची भर पडली, जो मुळात जुन्या नॉर्स भाषेत विष्ठेसाठी वापरला जाई. इंग्रजी बोलणारे मृदाशास्त्रज्ञ 'डर्ट' ऐकले की अजूनही कपाळाला आठ्या घालतात, आणि नखात अडकते ते डर्ट, शेतात असते ते सॉइल, असे विद्यार्थ्यांना बजावतात.

या श्लेषाचा एक उपयोगही झाला आहे. 'सॉइल युअर अंडीज' नावाचा एक प्रयोग अमेरिकेत, कॅनडात आणि ऑस्ट्रेलियात शेतकऱ्यांमध्ये लोकप्रिय आहे. कोरी सुती चड्डी शेतात पुरायची आणि साधारण दोन महिन्यांनी उकरून पाहायची. माती जिवंत असेल तर कापूस सूक्ष्मजीवांनी फस्त केलेला असतो आणि हाती केवळ इलॅस्टिकची कड येते. माती निर्जीव असेल तर चड्डी धुऊन पुन्हा घालता येईल इतकी शाबूत निघते. नावातली मजा इंग्रजीबाहेर नेता येत नाही. पोर्तुगीजमध्ये मळवण्याचे क्रियापद 'सुजार' आहे आणि मातीशी त्याचा ध्वनीनेही संबंध नाही. प्रयोग भाषांतरित होतो, नाव होत नाही.

आता दुसरा रकाना. पोर्तुगीज 'साऊद' लॅटिन 'सालुस' पासून आला. सालुस म्हणजे कुशल, क्षेम, संकटातून तरून जाणे. रोमन लोकांची याच नावाची देवीही होती. अभिवादन करणे या अर्थाचे 'साउदार' हे पोर्तुगीज क्रियापद त्याच कुळातले आहे, आणि कोणी शिंकले की शेजारचा माणूस 'साऊद' म्हणतो. तेव्हा या शब्दात शुभेच्छेचा ओलावा आहे, जो 'हेल्थ' मध्ये मला जाणवत नाही. 'सोलु' थेट 'सोलुम' वरून आलेला आहे, आणि बुटाच्या तळाला म्हणतात तो 'सोला' हा त्याचा नातेवाईक आहे. जे पायाखाली असते ते, एवढाच त्याचा मूळ अर्थ. (एकट्याने गायलेल्या गाण्यालाही पोर्तुगीजमध्ये 'सोलु' म्हणतात, पण तो 'एकटा' या अर्थाच्या दुसऱ्या लॅटिन शब्दाचा वंशज आहे.)

मला अधिक महत्त्वाचा वाटतो तो मधला 'दु'. इंग्रजीत दोन नामे शेजारी ठेवली की काम भागते. 'सॉइल हेल्थ' हा असा जोडशब्द आहे की त्यात मालक कोण आणि मालकी कशाची हे उघड करून सांगावे लागत नाही. त्यामुळेच तो योजनांच्या नावात, अहवालांच्या मुखपृष्ठावर आणि खतांच्या पिशव्यांवर सहज चिकटतो. पोर्तुगीजला ही सोय नाही. तेथे षष्ठी लावावीच लागते, आणि तीही निश्चित उपपदासह: 'त्या मातीची' साऊद. वाक्यात शब्द वापरताच माती मालकीण होऊन उभी राहते. व्याकरणाने लादलेली ही गोष्ट आहे, पोर्तुगीज लोकांच्या उदात्तपणाने नव्हे, हे मला ठाऊक आहे. तरीही दोन्ही मजकूर शेजारी ठेवून वाचताना फरक जाणवतोच.

रोजच्या बोलण्यात मात्र ब्राझीलचा शेतकरी 'सोलु' फारसा म्हणत नाही. तो 'तेर्रा' म्हणतो. तेर्रा म्हणजे माती, जमीन, गाव, देश आणि पृथ्वीही. पाराना आणि साऊं पाउलु राज्यांतल्या बेसॉल्टपासून बनलेल्या तांबड्या, कसदार जमिनीला 'तेर्रा रॉशा' म्हणतात. 'रॉशा' म्हणजे जांभळी, आणि ती माती काही जांभळी नाही. कॉफीच्या मळ्यांवर आलेले इटालियन मजूर आपल्या भाषेत 'तेर्रा रॉस्सा', म्हणजे तांबडी माती, म्हणत आणि पोर्तुगीज कानांनी ते 'रॉशा' ऐकले, असे सांगितले जाते. ॲमेझॉनच्या खोऱ्यात 'तेर्रा प्रेता', म्हणजे काळी माती, आढळते. कोळसा, हाडे, खापरे आणि वस्तीतला केरकचरा शतकानुशतके मिसळून तेथल्या मूळ रहिवाशांनी ती घडवली, आणि सभोवतीच्या फिक्या, निकस मातीपेक्षा तिच्यात फॉस्फरस आणि कॅल्शियम पुष्कळ अधिक असते. पिकून पिकून दमलेल्या जमिनीला 'तेर्रा कांसादा' म्हणतात, म्हणजे थकलेली जमीन. शास्त्राने 'साऊद' हा शब्द उचलण्याच्या कितीतरी आधी लोक जमिनीला थकवू शकत होते.

'सोलु' ही तशी शास्त्राची आणि सरकारची भाषा, पण तिच्यातही एक खाच आहे. नगररचनेच्या कागदांत 'उझु दु सोलु' असे शब्द येतात आणि त्यांचा अर्थ 'मातीचा वापर' असा होत नाही. इंग्रजीत ज्याला 'लँड यूज' म्हणतात तो जमिनीचा वापर त्यात अभिप्रेत आहे. कोशाच्या पहिल्याच आठवड्यात मी या खाचेत पडले होते आणि इमारतींच्या आराखड्याविषयीच्या एका ओळीत माती कालवून ठेवली होती. ती चूक तपासणाऱ्याने दाखवून दिली, तेव्हापासून 'सोलु' दिसला की मी आधी तो कोणत्या खात्याचा आहे हे पाहते.

शब्दांच्या मुळांवरून आजचा अर्थ ठरत नाही, ही हरकत मला मान्य आहे. म्हणून व्याख्यांकडे वळते. मातीला आरोग्य असते ही कल्पना इंग्रजीत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जोमाने मांडली गेली, ती सेंद्रिय शेतीच्या चळवळीतून. तिच्या प्रणेत्यांपैकी सर अल्बर्ट हॉवर्ड यांनी आपली कंपोस्टची पद्धत १९२४ ते १९३१ या काळात इंदूरला बसवली, आणि ती जगभर त्याच शहराच्या नावाने ओळखली गेली. लेडी ईव्ह बाल्फर यांच्या पुढाकाराने इंग्लंडमध्ये १९४६ साली सॉइल असोसिएशन स्थापन झाली. माती, वनस्पती, प्राणी आणि माणूस यांचे आरोग्य एकच आहे, त्याचे तुकडे पाडता येत नाहीत, हे या मंडळींचे म्हणणे होते. 'हेल्थ' मधला 'होल' येथे पुरेपूर उतरला होता. विद्यापीठांतल्या शास्त्रज्ञांना मात्र हा शब्द बराच काळ भाबडा वाटत राहिला. १९९० च्या दशकात अमेरिकेत त्यांनी 'सॉइल क्वालिटी', म्हणजे मातीची गुणवत्ता, हा शब्द पुढे आणला आणि 'वापरासाठीची योग्यता' असा त्याचा थोडक्यात अर्थ लावला. पुढे दोन-तीन दशकांत पारडे फिरले, आणि अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या नैसर्गिक संसाधन संवर्धन सेवेने २०१२ मध्ये 'सॉइल हेल्थ' या नावानेच देशव्यापी मोहीम सुरू केली. त्यांच्या व्याख्येचा आशय असा: वनस्पती, प्राणी आणि माणसे यांना आधार देणारी सजीव परिसंस्था म्हणून काम करत राहण्याची मातीची टिकून असलेली क्षमता.

या व्याख्येत 'रोग' नाही, 'अन्नद्रव्ये' नाहीत आणि 'उत्पादन' हा शब्दही नाही. 'काम करणे' आणि 'करत राहणे' आहे. माती कोणती कामे करते? पाऊस आत मुरवून घेते, तो मुळांसाठी धरून ठेवते, उरलेला खाली सोडते, मेलेले कुजवून त्यातून अन्न मोकळे करते, आणि हे सगळे करताना आपला आकार सांभाळते. यातले शेवटचे काम पाहण्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. मी दोन काचेचे पेले पाण्याने भरून घेतले. एका झाडाखालची, कित्येक वर्षे कुदळ न लागलेली जागा आणि वरचेवर खणला जाणारा एक वाफा, अशा दोन ठिकाणांहून लिंबाएवढी ढेकळे आणून ती पुरती वाळू दिली आणि जाळीच्या गाळणीत ठेवून दोन्ही पेल्यांत अलगद बुडवली. वाफ्यातल्या ढेकळातून बुडबुडे सुटले, त्याच्या कडा सुटल्या, आणि पाच मिनिटांच्या आत ते पीठ होऊन तळाशी बसले. पाणी चहासारखे गढूळ झाले. झाडाखालच्या ढेकळातूनही बुडबुडे आले, पण ते जसेच्या तसे राहिले आणि पाण्यातून पलीकडच्या कागदावरची अक्षरे वाचता येत होती. दुसऱ्या दिवशी सकाळीही ते शाबूत होते. मुळे, बुरशीचे तंतू आणि जिवाणूंचे चिकट स्राव कणांना जे धरून ठेवतात ते खणण्याने तुटते आणि पुन्हा जोडले जायला वेळ लागतो. 'हाल' म्हणजे न तुटलेले, हे मला शब्दकोशापेक्षा त्या पेल्यात अधिक चांगले कळले.

पोर्तुगीजमध्येही 'क्वालिदाद' आणि 'साऊद' यांची अशीच स्पर्धा आहे, पण तिला ब्राझीलच्या मातीमुळे वेगळे वळण मिळाले. ब्राझीलच्या मध्यभागी सेर्रादु नावाचा सुमारे वीस लाख चौरस किलोमीटरचा सव्हाना प्रदेश आहे. तेथली माती खोल, तांबडी किंवा पिवळी, अतिशय जुनी आणि पावसाने धुऊन निघालेली आहे. ती आम्लधर्मी आहे, तिच्यात फॉस्फरस नाममात्र आहे, आणि मुळांना विषारी ठरणारे ॲल्युमिनियम भरपूर आहे. मात्र तिची रचना विलक्षण चांगली असते. कण बारीक दाणेदार गुठळ्यांत बांधलेले असतात, आणि ब्राझीलचे मृदाशास्त्रज्ञ त्या पोताला 'पॉ द काफे', म्हणजे कॉफीची पूड, म्हणतात. आता ही माती निरोगी म्हणायची की आजारी? सोयाबीनच्या दृष्टीने ती निकामी होती. तिच्यावर हजारो जातींच्या वनस्पतींचे एक समृद्ध रान मात्र सुखाने उभे होते. 'वापरासाठीची योग्यता' हा निकष लावला तर ती नापास होते, आणि 'सजीव परिसंस्था म्हणून काम करत राहणे' हा लावला तर पहिल्या वर्गात येते. गुणवत्ता आणि आरोग्य या दोन शब्दांतला फरक मला कोणत्याही निबंधाने इतका स्पष्ट करून दिला नाही.

गेल्या पन्नास-साठ वर्षांत तेथे चुना, जिप्सम आणि फॉस्फेट टाकून शेती उभी केली गेली. या प्रक्रियेला पोर्तुगीजमध्ये 'कोर्रेसाँव दु सोलु' म्हणतात आणि चुन्याला 'कोर्रेतिवु', म्हणजे दुरुस्त करणारा. जणू मातीची काही चूक झाली होती. इंग्रजीतला 'अमेंडमेंट' हा शब्दही मुळात दोष काढून टाकण्याचाच आहे, आणि आपला 'भूसुधारक' काही वेगळे सांगत नाही. या बाबतीत तिन्ही भाषा शाळामास्तराच्या भूमिकेत आहेत.

चुना आणि खते टाकून रासायनिक तपासणीचा अहवाल सुरेख करता येतो, आणि नेमकी तेथेच पुढची अडचण निर्माण झाली. शेजारशेजारच्या दोन शेतांचे अहवाल सारखे येत आणि पिके सारखी येत नसत, विशेषतः पाऊस ताणला की. ब्राझीलच्या एम्ब्रापा या सरकारी कृषी संशोधन संस्थेच्या सेर्रादु केंद्राने त्यावर बरीच वर्षे काम केले आणि २०२० मध्ये 'बायोएएस' ही तपासणी शेतकऱ्यांसाठी खुली केली. जमिनीच्या वरच्या दहा सेंटिमीटरमधला नमुना घेऊन त्यातली दोन विकरे, म्हणजे एन्झाइम, मोजायची: बीटा-ग्लुकोसिडेज आणि अरिलसल्फटेज. पहिले काडीकचऱ्यातला सेल्युलोज फोडण्याच्या शेवटच्या पायरीवर काम करते आणि दुसरे सेंद्रिय पदार्थात अडकलेले गंधक मोकळे करते. विकर प्रत्यक्ष मोजत नाहीत, त्याचे काम मोजतात. थोड्या मातीत एक रंगहीन द्रावण घालून ती ३७ अंश सेल्सियसला तासभर ठेवतात. विकर त्या द्रावणातला रेणू तोडते आणि नायट्रोफिनॉल सुटा होतो, जो अल्क घातल्यावर पिवळाधमक दिसतो. पिवळेपणा जितका गडद तितकी माती कामसू. ही विकरे चिकणमातीच्या आणि ह्यूमसच्या कणांना चिकटून राहतात, ती बनवणारा जिवाणू मेल्यावरही. त्यामुळे आज सकाळी पाऊस पडला की नाही यापेक्षा त्या शेताला काही वर्षे कसे वागवले गेले आहे याची साक्ष त्यांत उतरते. ब्राझीलमधले संशोधक यासाठी मातीची 'मेमॉरिया', म्हणजे स्मृती, असा शब्द वापरतात. मला तो रूपक म्हणून जरा जास्तच लाडिक वाटला होता. पद्धत समजल्यावर वाटेनासा झाला.

या तपासणीची माहिती देताना सगळीकडे 'साऊद दु सोलु' असे म्हणतात, पण अहवालावर जो आकडा छापून येतो त्याचे नाव 'मातीचा गुणवत्ता निर्देशांक' असे आहे. बोलायला आरोग्य आणि मोजायला गुणवत्ता. कोशकार म्हणून मी यावर नाराज व्हायला हवे. पण आरोग्य मोजता येत नाही, त्याची लक्षणे तेवढी मोजता येतात, ही कबुली त्यात अनवधानाने का होईना दिली गेली आहे, म्हणून मला ते आवडते.

निरोगी माती या अर्थी ब्राझीलमध्ये आणखी एक विशेषण भेटते, ते म्हणजे 'सादिउ'. ॲना प्रिमावेझी या १९२० मध्ये ऑस्ट्रियात जन्मलेल्या आणि ब्राझीलला कर्मभूमी मानून २०२० मध्ये तेथेच वारलेल्या कृषिशास्त्रज्ञ. माती सादिउ असेल तर पीक तसे असेल आणि माणूसही तसा असेल, हे त्यांच्या साऱ्या कामाचे सूत्र होते. पोर्तुगीजमध्ये 'साउदावेल' हाही शब्द आहे. तो दुसऱ्याला आरोग्य देणाऱ्या गोष्टीसाठी, उदाहरणार्थ आहारासाठी, अधिक शोभतो, तर 'सादिउ' स्वतः धडधाकट असलेल्यासाठी. प्रिमावेझींच्या 'सादिउ' मध्ये माती आधी स्वतः धडधाकट आहे. माणसाला तिचा उपयोग होतो तो नंतर.

या दोन भाषांमधली देवाणघेवाण पुस्तकी नव्हती. १५ एप्रिल हा ब्राझीलचा राष्ट्रीय मृदसंधारण दिन आहे, आणि तो ह्यू हॅमंड बेनेट या अमेरिकन माणसाचा जन्मदिवस आहे. १९३० च्या दशकातल्या धुळीच्या वादळांनंतर, १९३५ मध्ये, अमेरिकेत मृदसंधारण सेवा उभी राहिली, ती त्यांच्या नेतृत्वाखाली. १९७२ मध्ये पाराना राज्यातल्या रोलांदिया येथले शेतकरी हेर्बर्ट बार्त्झ पावसाबरोबर वाहून जाणारी आपली माती पाहून हवालदिल झाले आणि उपाय शोधत इंग्लंडला व अमेरिकेला गेले. केंटकी राज्यात हॅरी यंग नावाचा शेतकरी १९६२ पासून न नांगरता पेरत होता. ते पाहून बार्त्झ परतले आणि त्याच वर्षी त्यांनी न नांगरता सोयाबीन पेरले. पुढे याच राज्यात या पद्धतीच्या शेतकऱ्यांनी आपल्या मंडळाला 'क्लुब दा मिन्योका', म्हणजे गांडूळ क्लब, असे नाव दिले. २०१७ च्या कृषी गणनेत ब्राझीलमध्ये या पद्धतीखाली सुमारे ३.३ कोटी हेक्टर क्षेत्र नोंदले गेले.

कल्पना समुद्र ओलांडून गेली, पण नाव गेले नाही. अमेरिकेत तिला 'नो-टिल' म्हणतात, म्हणजे जे करायचे नाही त्यावरून. इंग्लंडमध्ये 'डायरेक्ट ड्रिलिंग'. ब्राझीलने 'प्लान्तिउ दिरेतु', म्हणजे थेट लावणी, असे जे करायचे आहे त्यावरून नाव ठेवले, आणि पुढे 'ना पाल्या' म्हणजे 'काडीकचऱ्यात' हे शब्द जोडले. पोर्तुगालमध्ये त्यालाच 'सेमेन्तेइरा दिरेता', म्हणजे थेट पेरणी, म्हणतात. हा केवळ नावांचा खेळ नाही. ब्राझीलच्या संज्ञेत न नांगरण्याबरोबर पिकांची फेरपालट आणि कायमचे आच्छादनही गृहीत धरलेले आहे. इंग्रजी 'नो-टिल' मध्ये नांगर न लावणे एवढेच असू शकते, आणि तेवढ्याने माती निरोगी होतेच असे नाही. तक्त्यात या दोघांना एका ओळीत बसवणाऱ्याने हे लक्षात घेतले नव्हते. आणि त्या आच्छादनाचे नाव पाहा: वाळक्या काडीच्या थराला पोर्तुगीजमध्ये 'कोबेर्तुरा मोर्ता', म्हणजे मेलेले पांघरूण, म्हणतात. जिवंत मातीवर मेलेले पांघरूण, आणि त्याच्याच जोरावर खालचे सगळे जगते.

पोर्तुगालविषयी थोडे. तेथे १९२९ मध्ये गव्हाची मोठी सरकारी मोहीम सुरू झाली आणि आलेंतेजु प्रांतातल्या उतारांवरच्या उथळ जमिनी नांगराखाली आणल्या गेल्या. पुढच्या काही दशकांत त्यांची वाईट धूप झाली. 'आपल्या तेर्राचा गहू ही आपले सर्वांत चांगले रक्षण करणारी सीमा आहे' अशा आशयाची घोषणा तेव्हा दिली जात असे. तेर्रा म्हणजे माती आणि देशही, त्यामुळे ती घोषणा पोर्तुगीजमध्ये जशी ठसते तशी इंग्रजीत ठसत नाही. देशासाठी तेर्रा वापरता वापरता खालची तेर्रा वाहून गेली.

२०२५ मध्ये युरोपीय संघाने मातीच्या निरीक्षणाविषयीचा कायदा संमत केला. तेथल्या कायद्यांची सर्व अधिकृत भाषांतली रूपे सारखीच प्रमाण मानली जातात, म्हणजे 'साऊद दु सोलु' हे 'सॉइल हेल्थ' चे भाषांतर न राहता त्याच्या बरोबरीचा कायदेशीर शब्द झाला. आरोग्य म्हणजे मातीची अशी भौतिक, रासायनिक आणि जैविक स्थिती, जिच्यावर सजीव व्यवस्था म्हणून काम करण्याची तिची क्षमता अवलंबून असते, अशा आशयाची व्याख्या त्यात आहे. युरोपीय आयोगाच्या अंदाजानुसार संघातली ६० ते ७० टक्के माती या अर्थाने निरोगी नाही. त्यातल्या बऱ्याचशा जमिनीवर आजही भरघोस पिके उभी आहेत, हे विसरू नये.

आता माझा तिसरा रकाना. 'मृदा आरोग्य' हा तयार शब्द मला दोन कारणांनी खुपत होता. 'आरोग्य' म्हणजे अ-रोग; रोग नाही ते. या शब्दाने माणूस आधी रोग शोधायला निघतो, म्हणजे मातीत कशाची कमतरता आहे ते पाहतो, ती भरून काढतो आणि काम झाले असे समजतो. सेर्रादुच्या त्या दोन शेतांच्या अहवालांत कोणताच रोग नव्हता. 'स्वास्थ्य' हा शब्द कितीतरी जवळचा आहे: स्वतःत स्थित असणे, आपल्या जागी, आपल्या वृत्तीने टिकून असणे. पाण्यात न विरघळलेल्या ढेकळाला मी निर्विवाद 'स्वस्थ' म्हणेन. दुसरे कारण समासाचे. मराठीला इंग्रजीसारखा समासही करता येतो आणि पोर्तुगीजसारखी षष्ठीही लावता येते, आणि अशी निवड हाती असताना आपण कागदोपत्री नेहमी समासाकडेच का धावतो, हे मला कळलेले नाही. 'मृदा' मध्ये कोणाचाही हात मळत नाही.

म्हणून मी 'मातीचे स्वास्थ्य' असे लिहून पाठवले. तपासणाऱ्यांनी ते खोडून 'मृदा आरोग्य' केले आणि शेजारी लिहिले की स्वास्थ्य म्हटले की वाचकाला निवांतपणा आठवतो. त्यांचे म्हणणे खोटे नाही; 'स्वस्थ बस' असे म्हणणाऱ्या भाषेत राबणाऱ्या मातीला स्वस्थ म्हणणे थोडे विचित्र वाटणारच. दोन-तीन पत्रांच्या देवाणघेवाणीनंतर आमची तडजोड झाली. 'आरोग्य' त्यांचे राहिले, 'मातीचे' माझे राहिले, आणि व्याख्येच्या ओळीत 'काम करत राहण्याची क्षमता' हे शब्द दोघांनाही मान्य झाले.

पुढच्या ओळीत 'तेर्रा कांसादा' आहे. इंग्रजी रकान्यात तिच्यासाठी 'डिग्रेडेड सॉइल' असे लिहिलेले आहे, आणि त्यात थकवा कुठेच उतरलेला नाही. तिसऱ्या रकान्यात मी 'कस गेलेली जमीन' असे लिहून ठेवले आहे, पेन्सिलीने.